पाहुणा का कोसळतो? आभासी यंत्रांच्या इतिहासातील एक प्रकरण

१९६९ साली वर्ध्याला पु. शि. रेगे यांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले होते. २०२३ च्या फेब्रुवारीत नरेंद्र चपळगावकर यांच्या अध्यक्षतेखाली ते पुन्हा वर्ध्यात भरले. या दोन संमेलनांमधल्या ५४ वर्षांत या जिल्ह्यात मराठीत जे काही लिहिले गेले, त्याचे साधनांच्या दृष्टीने तीन थर पडतात. पहिला थर शिशाच्या खिळ्यांचा आणि हस्तलिखितांचा. तो कागदावर आहे. वाळवीने सोडला तेवढा वाचता येतो. तिसरा थर युनिकोडचा. तो कोणत्याही फोनवर उघडतो. मधला थर साधारणपणे १९९० ते २००५ या काळातला, आणि तो फ्लॉपी व सीडी यांवर आहे. काळाने तो आपल्याला जवळचा, पण वाचायला सर्वांत अवघड तोच.

अवघड का, हे थोडक्यात सांगायला हवे. त्या काळात मराठीचा संगणकीय व्यवहार फॉन्टांवर चालत असे. पुण्याच्या सी-डॅकचे आयएसएम आणि लीप, मॉड्युलरचे श्रीलिपी, बंगळूरचे आकृती अशी नावे जुन्या डीटीपी चालकांच्या तोंडी अजूनही आहेत. या व्यवस्थांमध्ये संगणकाला मराठी ठाऊकच नसे. त्याच्या लेखी ती रोमन अक्षरे आणि चिन्हे असत. फॉन्ट मात्र त्या जागी 'क'चा अर्धा भाग, वेलांटी किंवा रफार काढून दाखवी. फॉन्ट गेला की मजकुराचा चिखल होतो. महानुभावांच्या सकळ लिपीची आठवण व्हावी असाच हा प्रकार आहे. फरक इतकाच, की सकळ लिपी समजून उमजून योजलेली होती आणि तिचा उलगडा करणारे राजवाडे विसाव्या शतकाच्या आरंभी भेटले. आपली ही नवी सांकेतिक लिपी केवळ सोयीपोटी जन्मली, आणि एक नव्हे, प्रत्येक कंपनीची वेगळी.

यंत्राच्या सोयीसाठी नागरीला वाकवण्याचा विचार वर्ध्याला नवा नाही. १९३५ च्या इंदूरच्या हिंदी साहित्य संमेलनानंतर काका कालेलकरांच्या पुढाकाराने लिपिसुधारणेचे जे काम झाले, त्यातली 'अ'ची बाराखडी राष्ट्रभाषा प्रचार समितीच्या वर्ध्यातल्या प्रकाशनांत पुढे कित्येक वर्षे दिसत राहिली. पण तिथे निदान चर्चा झाली, ठराव झाले, विरोधही झाला. नव्वदच्या दशकातील फॉन्टांबाबत साहित्यिकांना कोणी विचारले नाही, आणि आपणही विचारले नाही.

साध्या मजकुरासाठी आज रूपांतरक उपलब्ध आहेत. जुन्या फॉन्टातले लेखन टाकले की युनिकोड मिळते. मात्र मजकूर पेजमेकर ६.५ च्या फाइलीत असेल, किंवा त्या त्या व्यवस्थेच्या स्वतःच्या स्वरूपात असेल, तर प्रथम ती फाइल उघडणारे जुने सॉफ्टवेअर लागते. आणि रूपांतर झाल्यावरही मूळ पान कसे दिसत होते ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय पाठाची खात्री देता येत नाही. 'दर्या' आणि 'दऱ्या' यांत रूपांतरक हमखास घोटाळा करतो. आमच्या विभागाकडे आर्वी, सेलू आणि हिंगणघाट या तालुक्यांतून विद्यार्थ्यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांचा असा एक संग्रह आहे. १९९८-९९ मध्ये टंकलेला, कधीच न छापलेला. ओव्या सांगणाऱ्या बहुतेक बाया आता हयात नाहीत. ज्या संगणकांवर तो टंकला गेला, तेही भंगारात गेले. राहिला एकच मार्ग: आजच्या संगणकाच्या पोटात विंडोज ९८ चालणारा एक जुना संगणक आभासी रूपाने उभा करणे. आणि इथेच या लेखाचा विषय सुरू होतो, कारण तो आभासी संगणक वारंवार कोसळतो.

आभासी संगणक चालवणाऱ्या प्रणालीला हायपरवायझर म्हणतात. कार्यप्रणालीला पूर्वी सुपरवायझर, म्हणजे देखरेख करणारा, म्हणत. त्या देखरेख करणाऱ्यावर देखरेख करणारा तो हायपरवायझर. सरकारी कचेऱ्या पाहिलेल्या माणसाला ही रचना समजावून सांगण्याची गरज नाही. ज्या खऱ्या यंत्रावर सारे चालते तो यजमान आणि आत नांदणारी कार्यप्रणाली तो पाहुणा, अशी परिभाषा रूढ आहे. पाहुण्याला आपण पाहुणे आहोत हे कळू नये, सारे घर आपलेच आहे असे त्याला वाटावे, ही या कलेची पहिली अट.

कल्पना जुनी आहे. आयबीएमच्या केंब्रिज येथील केंद्रात साठच्या दशकाच्या मध्यास रॉबर्ट क्रीझी, लेस कोमो आदींनी ती प्रत्यक्षात आणली. १९६७ मध्ये सीपी-६७ ही प्रणाली चालू झाली आणि १९७२ मध्ये तिचा वंशज व्हीएम/३७० जाहीर झाला. कोसळण्याची गोष्टही तितकीच जुनी आहे. एमआयटीच्या एका प्रयोगशाळेतले सीपी-६७ यंत्र एकदा एकाच दिवसात २७ वेळा कोसळले. कारण शोधता असे निघाले, की टर्मिनलवरील ओळीची लांबी मोजण्यास मूळ लेखनात एकच बाइट ठेवलेला होता. टर्मिनलच्या ओळी लहान असल्याने ते पुरे होते. पुढे कोणाकडे तरी लांब ओळीचे नवे उपकरण आले, म्हणून कमाल लांबीचा आकडा वाढवला गेला. हिशेब मात्र एकाच बाइटात होत राहिला आणि २५५ च्या पुढे तो उलटला. टॉम व्हॅन व्हलेक यांनी ही हकिकत नोंदवून ठेवली आहे. तिच्यात आमच्या विषयाचे सारे बीज आहे. मूळ लिहिणाऱ्याने आपल्या काळातील वस्तुस्थिती पाहून एक गृहीत धरले; ते कुठे लिहून ठेवले नाही, कारण ते इतके उघड होते; आणि ती वस्तुस्थिती बदलल्यावर यंत्र कोसळले. या प्रसंगाचा एक पैलू मात्र अधिक मनोरंजक आहे. यंत्र २७ वेळा पडू शकले, कारण दर वेळी ते चार-पाच मिनिटांत पुन्हा उठत होते. शेजारच्या मल्टिक्स या प्रतिष्ठित प्रणालीला उठायला इतका वेळ लागे, की दिवसात २७ वेळा पडण्याची चैन तिला परवडलीच नसती.

१९७४ मध्ये जेराल्ड पोपेक आणि रॉबर्ट गोल्डबर्ग यांनी या कलेचे शास्त्र केले. त्यांचा सिद्धान्त सोप्या मराठीत असा मांडता येईल: यंत्राच्या मूळ अवस्थेला हात घालणारी प्रत्येक आज्ञा अशी हवी, की पाहुण्याने ती उच्चारताच प्रोसेसरने तिथेच थांबून यजमानाला हाक मारावी. मग यजमान पाहुण्याची समजूत घालील आणि काम पुढे चालेल. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांत ही शिस्त होती. घरोघरी पोचलेल्या इंटेलच्या प्रोसेसरात ती नव्हती. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रॉबिन आणि अर्विन यांच्या अभ्यासात पेंटियमच्या अशा १७ आज्ञा मोजून दाखवल्या आहेत. त्यांतल्या काही हाक तर मारत नाहीतच, उलट काहीच न करता गप्प पुढे जातात. 'पॉपएफ' ही आज्ञा घ्या. पाहुण्याने तिच्याद्वारे व्यत्यय थांबवायला सांगितले, तर अधिकार नसल्यामुळे प्रोसेसर तेवढा भाग गाळतो, आणि तसे कोणाला कळवत नाही. पाहुण्याला वाटते काम झाले. यंत्रशास्त्रात नकार परवडतो, मौन परवडत नाही.

१९९८ मध्ये स्थापन झालेल्या व्हीएमवेअरने या मौनावर उपाय काढला तो दुभाष्याचा. पाहुण्याच्या गाभ्यातील आज्ञा चालवण्यापूर्वी वाचायच्या, अडचणीच्या आज्ञांच्या जागी निर्धोक आज्ञा घालायच्या, आणि मगच प्रोसेसरपुढे ठेवायच्या. १९९९ मध्ये त्यांचे पहिले उत्पादन बाजारात आले तेव्हा जाणकारांनाही ते अवघड वाटलेले काम होते. २००३ मध्ये केंब्रिज विद्यापीठातल्या झेन प्रकल्पाने दुसरी वाट घेतली: पाहुण्यालाच थोडा बदलून आपण पाहुणे आहोत याची जाणीव द्यायची. ज्याचा मूळ संहितापाठ खुला आहे अशा लिनक्सबाबत हे जमते. विंडोज ९८ बाबत ते आपल्या हाती नाही.

मग प्रोसेसर बनवणाऱ्यांनीच यात लक्ष घातले. इंटेलने २००५ च्या अखेरीस आणि एएमडीने २००६ मध्ये प्रोसेसरातच आभासीकरणाची सोय दिली. आता प्रोसेसरला दोन वृत्ती आल्या, एक यजमानाची आणि एक पाहुण्याची. यजमान एका नोंदपत्रात पाहुण्याची सारी अवस्था लिहितो, 'आत जा' म्हणतो, आणि पाहुणा खऱ्या प्रोसेसरवर, खऱ्या वेगाने, स्वतःच्या आज्ञा स्वतः चालवू लागतो. काही विशेष घडले तरच प्रोसेसर बाहेर येऊन यजमानाला जागे करतो. दुभाषा संपला. २००६ मध्ये व्हीएमवेअरच्याच ॲडम्स आणि अगेसन यांनी दोन्ही पद्धतींची तुलना करून दाखवले, की हे पहिल्या पिढीचे यंत्रसाहाय्य बऱ्याच कामांत दुभाष्यापेक्षा हळूच चालते. पण हा आक्षेप फार काळ टिकला नाही. २००७ मध्ये एएमडीने आणि २००८ मध्ये इंटेलने स्मृतीच्या पत्त्यांचा दुहेरी अनुवाद प्रोसेसरकडेच सोपवला, आणि त्यानंतर वेगाचा वाद मिटला.

वाद मिटला म्हणून आपणही पुढे गेलो असतो, पण या दुहेरी अनुवादाशी आमच्या ओव्यांचा थेट संबंध आहे. कार्यप्रणाली स्मृतीचे पत्ते एका तक्त्यात ठेवते. कार्यक्रम म्हणतो 'घर क्रमांक ५'. तक्ता सांगतो की ते प्रत्यक्षात अमुक गल्लीत आहे. दर वेळी तक्ता पाहणे वेळखाऊ असल्यामुळे प्रोसेसर अलीकडचे अनुवाद एका छोट्या टिपणवहीत ठेवतो. तिला टीएलबी म्हणतात. नियम असा, की कार्यप्रणालीने तक्ता बदलला तर टिपणवहीतली जुनी नोंद खोडायला तिनेच सांगायचे. प्रोसेसर स्वतः ते करीत नाही. पूर्वीच्या पद्धतीत यजमान पाहुण्याच्या तक्त्याची एक छायाप्रत स्वतःपाशी ठेवून फेरफारांवर नजर ठेवी. दुहेरी अनुवाद आल्यावर ती देखरेख सुटली. तक्ता पाहुण्याचा, टिपणवही प्रोसेसरची, मध्ये कोणी नाही.

आमच्याकडची परिस्थिती अशी होती. विंडोज ९८ चा तोच आभासी संगणक, तीच चकतीची प्रतिमा, २०१२ च्या सुमाराच्या इंटेल प्रोसेसरच्या जुन्या संगणकावर दिवसभर चाले. नव्या एएमडी रायझन संगणकावर तो दहा मिनिटेही टिकत नसे. कधी 'विंडोज प्रोटेक्शन एरर', कधी एखाद्या साध्या कार्यक्रमाने 'बेकायदेशीर कृती' केल्याचा आरोप, कधी निळा पडदा. आणि दोन वेळा तीच चूक नाही. हस्तलिखितांची पाठचिकित्सा करणाऱ्याला अशा वेळी काय करायचे ते ठाऊक असते. वि. भि. कोलते यांची 'लीळाचरित्रा'ची १९७८ ची आवृत्ती ज्या विद्यापरंपरेतून आली, तिचा पहिला नियम हाच, की पाठ बिघडला तर तो कोणत्या हातात बिघडला हे आधी ठरवावे. मूळ लेखकाच्या, नकलाकाराच्या, की वाळवीच्या?

इथेही प्रथम ठरवायचे ते हे, की मेले कोण. आतला पाहुणा मेला, त्याला चालवणारा हायपरवायझर मेला, की घरच कोसळले? निळा पडदा खिडकीच्या आत दिसला आणि बाहेरचा संगणक शांत असला, तर पाहुणा गेला. व्हर्च्युअलबॉक्सने 'गुरू मेडिटेशन' अशी पाटी लावून पाहुण्याला थांबवले (ही पाटी जुन्या अमिगा संगणकाची उसनवारी आहे, आपल्याकडचे कोणी गुरू त्यात नाहीत), तर हायपरवायझरला पुढे नेता येणार नाही अशी अवस्था आली असे समजावे आणि त्याच्या नोंदवहीतील, म्हणजे लॉग फाइलमधील, शेवटच्या काही ओळी वाचाव्यात. आणि सबंध संगणकच क्षणात बंद पडून पुन्हा सुरू झाला, मागे काही लिहून न ठेवता, तर हायपरवायझरला दोष देण्यापूर्वी वीज, उष्णता आणि स्मृतीच्या पट्ट्या पाहाव्यात.

हे शेवटचे वर्ध्यात विशेष लक्षात ठेवण्यासारखे आहे. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांच्या वर जातो. पंख्याच्या जाळीवर कापसाची बारीक रुई बसलेली असते. एरवी टंकलेखनापुरता चालणारा संगणक आभासी यंत्र चालवताना प्रोसेसर सतत कामाला लावतो, तापतो, आणि स्वसंरक्षणार्थ बंद होतो. स्मृतीचेही तसेच. रोजच्या कामात जी घरे कधी उघडत नाहीत, ती पाहुण्याला एकदम मोठा वाटा दिल्यावर उघडतात आणि तिथला जुना दोष वर येतो. रात्रभर स्मृतीची चाचणी चालवणे आणि तापमान पाहणे एवढ्यावर कित्येक 'आभासीकरणाच्या' तक्रारी संपतात. आमच्या बाबतीत त्या दोन्ही चाचण्या निर्दोष निघाल्या. शिवाय बाहेरचा संगणक एकदाही पडला नव्हता; दर वेळी पाहुणाच पडत होता.

दुसरी शक्यता दोन यजमानांची. प्रोसेसरची ही सोय एका वेळी एकाच मालकाची असते, एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. २०१२ च्या विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने आपला हायपर-व्ही घरगुती संगणकातही आणला, आणि विंडोज ११ मध्ये सुरक्षेच्या काही सोयी त्याच्याच आधाराने, बऱ्याच नव्या संगणकांत आपोआप, चालू असतात. म्हणजे आपण व्हर्च्युअलबॉक्स उघडतो तेव्हा घरात आधीच एक यजमान बसलेला असतो. अशा वेळी २०१८ च्या अखेरीस आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून व्हर्च्युअलबॉक्स त्या यजमानाच्या परवानगीने चालतो आणि खिडकीच्या तळाशी हिरवे कासव दाखवतो. ससा-कासवाच्या गोष्टीतले कासव निदान जिंकते; हे फक्त हळू चालते आणि जुन्या पाहुण्यांना घेऊन मध्येच बसते. लिनक्समध्येही २०२४ च्या ६.१२ या आवृत्तीपासून केव्हीएम हा अंगभूत हायपरवायझर संगणक सुरू होतानाच प्रोसेसरची सोय ताब्यात घेतो, आणि मग व्हर्च्युअलबॉक्स 'प्रोसेसर आधीच यजमानवृत्तीत आहे' अशा अर्थाची तक्रार करून थांबतो. उपाय दोन्हीकडे एकच: नको असलेला यजमान बंद करणे. आम्ही तो बंद केला, कासव गेले, पाहुणा मात्र पडतच राहिला.

तिसरी शक्यता काळाच्या विसंगतीची. विंडोज ९५ च्या काळात वेग मोजण्यासाठी एक ठरावीक आवर्तन चालवून त्याला लागलेल्या वेळाने भागाकार करण्याची रीत होती. प्रोसेसर इतका वेगवान झाला, की लागलेला वेळ शून्य भरू लागला. शून्याने भागाकार, आणि प्रणाली कोसळली. एएमडीच्या ३५० मेगाहर्ट्झच्या के६-२ प्रोसेसरांवर हे प्रथम जाणवले आणि मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती काढावी लागली. त्याच जातीचा दोष विंडोज ९८ च्या जाळे सांभाळणाऱ्या भागात होता, तो २.१ गिगाहर्ट्झच्या पुढे प्रकटला. स्मृतीबाबतही असेच: ५१२ मेगाबाइटांहून अधिक दिली, तर विंडोज ९८ 'स्मृती अपुरी आहे' अशी तक्रार करते. अति झाल्यामुळे अपुरे पडणे, हा विरोधाभास अलंकाराचा नमुना वर्गात सांगण्यासारखा आहे. आमच्या पाहुण्याला २५६ मेगाबाइट दिलेली होती आणि वेगाची दुरुस्ती केलेली होती.

मग राहिला प्रश्न हा, की जुन्या प्रोसेसरवर चालणारे तेच नव्यावर का पडावे. पाठचिकित्सेत दोन प्रतींमध्ये फरक एकाच जागी असेल, तर दोष त्या जागेभोवती शोधतात. इथे फरक फक्त प्रोसेसरचा. आणि प्रोसेसरच्या पिढीशी जुळणारे एक कारण जगभरच्या हौशी लोकांनी शोधून ठेवले होते. विंडोज ९५, ९८ आणि एमई या तिन्हींच्या गाभ्यात मूळचीच एक उणीव आहे: पत्त्यांचा तक्ता बदलल्यावर टिपणवहीतील जुन्या नोंदी जिथे जिथे खोडायला हव्यात, तिथे त्या सर्वत्र खोडल्या जात नाहीत. तत्कालीन प्रोसेसरांच्या वागणुकीत हा दोष झाकून जाई. एएमडीच्या झेन-२ पिढीपासून आणि इंटेलच्या अकराव्या पिढीपासून टिपणवही अधिक मोठी, अधिक चतुर झाली. जुनी नोंद ती जपून ठेवते आणि विचारले की ठामपणे देते. पाहुणा पाचव्या घरात म्हणून शिरतो आणि भलत्याच गल्लीत निघतो. पुढे तो कुठे आणि कसा पडेल हे त्या भलत्या गल्लीत काय होते यावर अवलंबून. म्हणूनच दोन वेळा तीच चूक दिसत नाही. दुहेरी अनुवाद बंद करून पाहण्याची चाचणी या निदानासाठी उपयोगी पडते: पाहुणा हळू चालू लागला पण सावरला, तर दोष पत्त्यांच्या हिशेबात आहे. पाहुण्याच्या गाभ्यातली ही जागा दुरुस्त करणारा 'पॅचर९एक्स' नावाचा छोटा, मुक्त कार्यक्रम उपलब्ध आहे. तो लावल्यावर आमचा पाहुणा उभा राहिला.

दोषी कोण, हा प्रश्न मात्र मला तितका सोपा वाटत नाही. शास्त्रापुरते बोलायचे तर दोष विंडोजचा. नियम प्रोसेसरने पाळला. पण वीस वर्षे ज्या चुकीने कोणाचे काही बिघडले नाही, ती चूक व्यवहारात प्रमाणच झालेली असते. भाषेच्या अभ्यासकाला हे वेगळे सांगायला नको. आधी पाहुणा आणि प्रोसेसर यांच्यामध्ये यजमान आणि त्याचा दुभाषा उभे होते, आणि अशा कित्येक जुन्या लकबी त्यांच्या हातून निभावून जात. दुभाषा गेल्यावर १९९८ ची संहिता आणि आजचे लोखंड समोरासमोर आले.

आणि तो गेला केव्हा, हे पाहिले की २०१९ या वर्षावर बोट ठेवावे लागते. त्या वर्षी जुलैमध्ये झेन-२ प्रोसेसर बाजारात आले. नोव्हेंबरमध्ये इंटेलच्या बऱ्याच प्रोसेसरांतला एक दोष जाहीर झाला, तोही टिपणवहीचाच: पाहुण्याने पानांचा आकार एका विशिष्ट रीतीने बदलला तर यजमानासकट सबंध यंत्र गोठवता येई, म्हणजे पाहुण्याने घर पाडण्याची सोय. केव्हीएमसारख्या हायपरवायझरांना त्यावर बंदोबस्त करावा लागला. आणि डिसेंबरमध्ये व्हर्च्युअलबॉक्सची ६.१ ही आवृत्ती आली, जिच्यात यंत्रसाहाय्याविना पाहुणा चालवण्याची जुनी सोय काढून टाकली गेली. या तीन घटनांचा एकमेकींशी कार्यकारणसंबंध नाही. पण जुन्या दस्तऐवजांच्या वाचकापुरते पाहिले तर एकाच वर्षी नवा प्रोसेसर कडक झाला आणि मधला दुभाषा निवृत्त झाला.

कारखानदारांच्या बाजूने हे समजण्यासारखे आहे. आभासी यंत्रांचा खरा बाजार प्रचंड सेवाकेंद्रांचा. तिथे वेग म्हणजे पैसा, आणि विंडोज ९८ चे गिऱ्हाईक कोणी नाही. दप्तरखान्याची गरज मात्र नेमकी उलटी असते. ओवी वाचायला वेग लागत नाही. आम्हाला हवा आहे तो १९९८ चा प्रोसेसर त्याच्या सर्व सवयींसकट, आणि तो देणारे कार्यक्रम आहेत: पीसीईएम, त्याचे पुढचे रूप ८६बॉक्स, बॉक्स, आणि यंत्रसाहाय्य बंद ठेवून चालवलेला क्यूईएमयू. हे हायपरवायझर नव्हेत, अनुकारक आहेत. पाहुण्याची एकही आज्ञा ते खऱ्या प्रोसेसरला थेट देत नाहीत. प्रत्येक आज्ञा वाचून तिचा परिणाम स्वतः घडवून आणतात. चालतात सावकाश. पण उद्या प्रोसेसरची आणखी एक पिढी बदलली, तरी त्यांच्यातला पेंटियम तसाच राहतो. पॅचर लावणे म्हणजे संहितेत हस्तक्षेप. कामचलाऊ वाचनाला तो चालतो. जतन करायची प्रत मात्र हस्तक्षेपाविना ठेवावी आणि अनुकारकात उघडावी असे माझे मत आहे. आम्ही दोन्ही प्रती ठेवल्या आहेत. दुरुस्त प्रतीच्या नावात 'दुरुस्त' असे लिहिले आहे आणि शेजारी एका साध्या मजकुराच्या फाइलीत, युनिकोडमध्ये, कोणत्या तारखेला काय बदलले ते. जिल्ह्यातल्या ज्या महाविद्यालयांकडे, छापखान्यांकडे आणि साप्ताहिकांकडे अशा सीडी पडून असतील, त्यांनी निदान त्यांची चकती-प्रतिमा करून ठेवावी. सीडीचा पत्रा आपल्या उन्हाळ्यात फार वर्षे टिकत नाही.

ओव्यांपैकी बहुतांश भाग आता उघडला आहे आणि रूपांतर झालेला मजकूर मूळ पानांशी ताडून पाहणे चालू आहे. तीन फ्लॉपी मात्र अडून राहिल्या आहेत. त्यांवरचा मजकूर ज्या सॉफ्टवेअरात आहे, ते सुरू होताना प्रिंटरच्या जुन्या पोर्टला लावलेले एक कुलूप शोधते: बोटाएवढे, पंचवीस टाचण्यांचे, परवान्याची ओळख पटवणारे. आभासी संगणकात प्रोसेसर उभा करता येतो, चकती आणि पडदा उभे करता येतात. ते कुलूप तयार करता येत नाही. मूळ कुलूप विभागाच्या कपाटात सापडले, पण नव्या संगणकाला तसले पोर्ट नाही, आणि यूएसबीवरून प्रिंटर जोडण्याची बाजारातील तार प्रिंटरला चालते, कुलपाला चालत नाही. व्हीएमवेअरच्या वर्कस्टेशनमध्ये खरे पोर्ट पाहुण्याला देण्याची सोय आहे. तेव्हा सध्या शोध चालू आहे तो प्रिंटर पोर्ट असलेल्या एका चालू स्थितीतल्या जुन्या संगणकाचा.